रिपोर्टमधले ८० टक्के: फुफ्फुसाचा कॅन्सर आणि प्रोटीन मार्कर

जूनमधे एका रात्री साडेदहाला चुलतभावाचा फोन आला, आवाज पार बसलेला. म्हणाला, ताई, तात्यांचा रिपोर्ट आलाय, फोटो टाकलाय बघ, त्यात ८० टक्के लिहिलंय, म्हणजे ८० टक्के पसरलाय का गं? मी फोटो मोठा करून बघितला आणि त्याला म्हटलं, आधी घरात कुणाला काही बोलू नकोस, हे ८० टक्के म्हणजे पसरलेलं नाही, आणि २० टक्के आयुष्य उरलंय असंही नाही. पण तोवर त्यानं बायकोला सांगून झालं होतं आणि काकू चुलीपाशी बसून रडत होत्या.

मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, बायोप्सीचे तुकडे जिथं येतात त्या टेबलावर. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला कुठलं औषध द्यावं हे मी सांगत नाही आणि या लेखातही सांगणार नाही. पण हे जे रिपोर्टमधे टीटीएफ-१, पीडी-एल१, एएलके, केआय-६७ असं लिहून येतं ना, त्या स्लाइड रोज माझ्या हातातून जातात, आणि निफाड-पिंपळगावकडच्या आमच्या सगळ्या गोतावळ्यातून कुणाचाही रिपोर्ट आला की फोटो पहिला मलाच येतो. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, किती दिवस? म्हणून एकदा नीट बसून लिहायचं ठरवलं.

प्रोटीन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी नाहीतर जिमवाल्या पोरांची पावडर आठवते, पण इथं ते नाही. आपल्या प्रत्येक पेशीत जी कामं चालतात, वाढायचं, थांबायचं, दुरुस्ती करायची, शेजारच्या पेशीशी बोलायचं, ती करणारे कामगार म्हणजे प्रोटीन. जीन म्हणजे वहीत लिहिलेली पुरणपोळीची कृती आणि प्रोटीन म्हणजे ताटात पडलेली पोळी. वहीत कृती असली म्हणून पोळी होतेच असं नाही, आणि वहीत एखादा शब्द चुकला तर पोळी भलतीच होते. कॅन्सरच्या पेशीत बऱ्याचदा हेच झालेलं असतं, काही प्रोटीन गरजेपेक्षा जास्त बनतात, काही बनतच नाहीत, काही बनतात पण बिघडलेले, बंदच न होणाऱ्या बटणासारखे. त्यातलं एखादं प्रोटीन बघून आजाराबद्दल काही कळत असेल तर त्याला मार्कर म्हणायचं, एवढंच.

आता ते बघतात कसं हे सांगते, कारण हे डोळ्यासमोर आलं की रिपोर्टची अर्धी भीती जाते. सीटी स्कॅनखाली सुई घालून फुफ्फुसातून जो तुकडा काढतात तो शेवयासारखा असतो, बारीक, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, कधीकधी त्याहूनही कमी. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत येतो, मग प्रक्रिया करून मेणात बसवतात, तो ब्लॉक. हा ब्लॉक मायक्रोटोम नावाच्या मशीनवर कापायचा, एक काप ३-४ मायक्रॉनचा, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज करा. कापताना पंखा बंद ठेवावा लागतो, श्वासही जपून, नाहीतर काप उडतो. मग तो कोमट पाण्यावर अलगद सोडायचा, सुरकुती मोडेपर्यंत थांबायचं आणि काचेच्या स्लाइडवर उचलून घ्यायचा. त्यावर अँटीबॉडी टाकतात, जी ठरलेल्या प्रोटीनलाच चिकटते, कुलपाला त्याचीच किल्ली बसावी तशी, आणि शेवटी रंग येतो. जिथं प्रोटीन आहे तिथं चहाच्या डागासारखा तपकिरी, नाही तिथं फिकट निळा. या पद्धतीला आम्ही आयएचसी म्हणतो. रिपोर्टमधे पॉझिटिव्ह लिहिलंय म्हणजे तपकिरी रंग आला. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे चांगलं असा त्याचा अर्थ नसतो, हे कोविडनंतर लोकांच्या डोक्यातून काढणं फार अवघड झालंय.

काही मार्कर तर भविष्याबद्दल बोलतच नाहीत, ते फक्त ओळख सांगतात. टीटीएफ-१ तपकिरी आला तर बहुतेक करून फुफ्फुसात सुरू झालेला अ‍ॅडिनोकार्सिनोमा, पी४० आला तर स्क्वॅमस. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मोठे दोन गट, स्मॉल सेल साधारण १५ टक्के आणि बाकी ८५ टक्के नॉन-स्मॉल सेल, ज्यात हे अ‍ॅडिनो आणि स्क्वॅमस येतात. म्हणजे आधारकार्ड बघितल्यासारखं आहे हे, माणूस किती जगणार ते आधारकार्डावर नसतं. रिपोर्टमधे पाच मार्कर पॉझिटिव्ह दिसले म्हणून पाचपट वाईट झालं असं समजून रडणारी माणसं मी बघितलीत, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

आता मुद्द्याचं. जे मार्कर भविष्याबद्दल बोलतात त्यांच्यातही दोन जाती आहेत आणि हा फरक कळला की बाकी सगळं सोपं जातं. आमच्या द्राक्षवाल्यांना तर मी एका मिनिटात समजावते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आपण काडी तपासायला देतो, लॅबवाले काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून फूट येते ती जागा, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की आत सूक्ष्म घड तयार झालाय का, कितव्या डोळ्यावर आहे. त्यावरून यंदा माल किती धरेल याचा अंदाज येतो. आणि दुसरं म्हणजे देठ परीक्षण, पानाचा देठ तपासून कळतं की पालाश कमी पडतंय का, मॅग्नेशियम कमी पडतंय का, म्हणजे कुठलं खत दिलं तर बाग साथ देईल ते. पहिलं झालं भाकीत, त्याला डॉक्टर प्रोग्नॉस्टिक मार्कर म्हणतात. दुसरं सांगतं की कुठला उपाय लागू पडेल, तो प्रेडिक्टिव्ह मार्कर. आणि जसं काडी बघून माल कळतो तसं छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची हेही ठरतं, तसे काही मार्कर दोन्ही कामं करतात. पेशंटच्या दृष्टीनं मला विचाराल तर दुसऱ्या जातीचा मार्कर लाखमोलाचा, कारण त्यानं हातात काहीतरी येतं. नुसतं भाकीत घेऊन माणूस काय करणार?

तात्यांच्या रिपोर्टमधलं ८० टक्के होतं पीडी-एल१ या प्रोटीनचं. आपल्या शरीरात टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी पहारा देत फिरतात, परकं काही दिसलं की मारतात. पण पहारेकऱ्यानं आपल्याच घरच्यांना मारू नये म्हणून टी-सेलवर एक ब्रेक असतो, पीडी-१, आणि समोरच्या पेशीवर पीडी-एल१ असेल तर तो ब्रेक दाबला जातो. कॅन्सरच्या पेशी हीच युक्ती उचलतात, अंगावर पीडी-एल१ चढवतात आणि पहारेकरी समोरून निघून जातो. पीडी-१ हे प्रोटीन जपानमधे तासुकू होंजो यांच्या लॅबमधे १९९२ साली सापडलं आणि २०१८ मधे होंजो आणि अमेरिकेतले जेम्स अ‍ॅलिसन यांना टी-सेलवरच्या अशा ब्रेकांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. एक गोष्ट मला प्रत्येक वेळी हलवून जाते. पीडी-एल१ची स्लाइड रंगवताना रंग नीट येतोय ना हे तपासायला सोबत एक कंट्रोल लावतात, आणि त्यासाठी बऱ्याचदा वारेचा तुकडा वापरतात, हो, बाळंतपणातली वार. कारण वारेवर हा प्रोटीन भरपूर असतो, आईच्या शरीरानं पोटातल्या बाळाला परकं समजू नये म्हणून जी व्यवस्था आहे तिच्यात त्याचाही हात असतो. जे बाळाला वाचवतं तेच पांघरूण कॅन्सर ओढून घेतो.

तर ८० टक्के म्हणजे काय, स्लाइडवर कॅन्सरच्या जेवढ्या जिवंत पेशी दिसल्या त्यातल्या शंभरात ८० पेशींच्या कडेला तपकिरी रंग आला. बस. शरीरात किती पसरलंय याचा आणि या आकड्याचा काही संबंध नाही. ही मोजणी करायला स्लाइडवर निदान १०० तरी कॅन्सरच्या पेशी लागतात, म्हणून कधीकधी तुकडा अपुरा आहे, परत बायोप्सी लागेल असं लिहून येतं, तेव्हा लॅबनं चूक केली असं धरून चालू नका, सुईत कधीकधी तेवढंच येतं.

आणि हा आकडा जास्त असणं चांगलं की वाईट? इथंच खरी गंमत आहे आणि म्हणूनच नुसत्या भाकितावर माझा फार विश्वास नाही. इम्युनोथेरपी, म्हणजे टी-सेलवरचा ब्रेक सोडवणारी औषधं, येण्याआधीच्या अभ्यासांमधे उत्तरं उलटसुलट होती, काहींत पीडी-एल१ जास्त असलेल्यांचं वाईट झालं, काहींत फरकच दिसला नाही. मग ही औषधं आली आणि चित्रच बदललं. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाची एक मोठी चाचणी २०१६ मधे आली, ३०५ पेशंट, सगळे पुढच्या स्टेजचे नॉन-स्मॉल सेल, पीडी-एल१ ५० टक्के किंवा वर, इजीएफआर आणि एएलकेचा बदल नसलेले (हे काय ते पुढं सांगते). पाच वर्षांनी बघितलं तर इम्युनोथेरपीनं सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ ३२ टक्के हयात होते आणि किमोनं सुरुवात केलेल्यांपैकी १६ टक्के, तेही त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर इम्युनोथेरपी मिळूनसुद्धा. म्हणजे ज्या ८० टक्क्याला बघून काकू रडत होत्या तो आकडा उलट एक दार उघडं आहे असं सांगत होता. प्रत्येकाला लागू पडतं असं नाही, ३२ म्हणजे १०० नाही, हे मी भावाला तेव्हाही सांगितलं. पण रडायचा आकडा तो नव्हता.

त्याला दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची. म्हटलं, घाई करून उद्याच औषध सुरू करा असा हट्ट डॉक्टरांकडं धरू नका, आधी इजीएफआर आणि एएलकेचा रिपोर्ट येऊ द्या.

इजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन, वाढ असा निरोप आला की आत पोचवणारं. काही लोकांच्या कॅन्सरमधे त्याच्या जीनमधे बारीकसा बदल होतो आणि निरोप न येताच ते आत वाढ, वाढ ओरडत राहतं. हा बदल आपल्या आशियातल्या लोकांत जास्त सापडतो, बिडी-सिगरेटला कधी हात न लावलेल्यांत जास्त, बायकांत जास्त. चुलीच्या धुराशिवाय आयुष्यात कुठला धूर न घेतलेली बाई आणि तिला फुफ्फुसाचा कॅन्सर, असं कुणी सांगितलं की लोकांना पटत नाही, पण असतं. २००४ मधे कळलं की जेफिटिनिब ही गोळी हा बदल असलेल्यांनाच जोरात लागू पडते, आणि २००९ मधे पूर्व आशियातल्या मोठ्या चाचणीनं ते पक्कं केलं, बदल असलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांची गाठ गोळीनं लहान झाली, बदल नसलेल्यांत फक्त १ टक्का. एकच गोळी, एकच आजाराचं नाव, आणि केवढी तफावत! इथं लक्षात ठेवायचं ते असं की इजीएफआर हे प्रोटीन किती आहे ते रंगवून बघण्यात फारसा अर्थ निघाला नाही, जीनमधे बदल आहे का तेच बघावं लागतं, म्हणून ती तपासणी वेगळी असते आणि तिला वेळ लागतो. तुकडा कमी पडला तर काही वेळा रक्तातूनही करता येते. एएलके या दुसऱ्या प्रोटीनचं उलटं आहे, तिथं बिघडलेलं प्रोटीन थेट आयएचसीनंही पकडता येतं, कारण निरोगी फुफ्फुसात ते दिसतच नाही, दिसलं की समजायचं.

आणि घाई का नको, तर इजीएफआरमधे बदल असेल तर पीडी-एल१ कितीही जास्त असो, नुसत्या इम्युनोथेरपीचा फायदा फार कमी दिसतो, वर ती आधी देऊन लगेच ओसिमर्टिनिबसारखी इजीएफआरवरची गोळी चालू केली तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो. म्हणजे एकच मार्कर बघून उडी मारली तर पुढचा चांगला रस्ता अवघड होऊन बसतो. अर्थात पेशंटची तब्येत झपाट्यानं ढासळत असेल तर डॉक्टर थांबत नाहीत, तो निर्णय त्यांचा. पण बाकी वेळी दोन-तीन आठवडे थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं नाही.

आपल्याकडचंही एक काम सांगते, परळच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी इजीएफआर बदल असलेल्या ३५० पेशंटवर चाचणी केली, निम्म्यांना नुसती जेफिटिनिब, निम्म्यांना जेफिटिनिब आणि किमो. आजार दबून राहण्याचा काळ, मधला आकडा धरला तर, ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. त्रास जास्त झाला हेही खरं, किमो आहे शेवटी. पण या गोळीची जेनेरिक आपल्याकडं मिळते, त्यामुळे नाशिक-धुळ्याच्या माणसाला परवडेल अशी ही वाट आहे, आणि ती आपल्याच माणसांवर तपासलेली आहे याचं मला फार मोल वाटतं.

एएलकेची गोष्ट ऐकली की भाकीत किती हलतं असतं ते कळतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमधे हे बिघडलेलं प्रोटीन असतं हे २००७ मधे जपानच्या लोकांनी दाखवलं. तेव्हा त्याच्यावर एकही मंजूर गोळी नव्हती. २०११ मधे अमेरिकेत क्रिझोटिनिबला मान्यता मिळाली, मग एकामागून एक चांगल्या गोळ्या आल्या, आणि २०२४ मधे लोरलॅटिनिबच्या चाचणीचे पाच वर्षांचे आकडे आले, गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचा आजार पाच वर्षांनंतरही वाढलेला नव्हता. चौथ्या स्टेजच्या माणसांबद्दल बोलतेय मी. प्रोटीन तेच, माणसं तशीच, सतरा वर्षांत भाकीत पार बदललं. म्हणून कुणी इंटरनेटवर अमुक मार्कर म्हणजे इतके महिने असं वाचून मला पाठवलं की मी पहिला प्रश्न विचारते, हे कधीच्या सालातलं आहे?

आता एक अशी गोष्ट जी सगळ्या मार्करच्या बातम्या वाचताना मनात ठेवावी. सिस्प्लॅटिन हे किमोचं जुनं औषध कॅन्सरच्या पेशीतला डीएनए मोडतं. पेशीत ईआरसीसी१ नावाचं प्रोटीन असतं, ते असा मोडलेला डीएनए दुरुस्त करायला मदत करतं. मग साधा विचार, ज्याच्यात हे प्रोटीन कमी त्याला सिस्प्लॅटिन जास्त लागू पडेल. २००६ मधे ऑपरेशन झालेल्या ७६१ पेशंटच्या तुकड्यांवर हे तपासलं आणि अगदी तसंच निघालं. शिवाय किमो न घेतलेल्यांत हे प्रोटीन जास्त असलेले लोक जास्त जगले, म्हणजे भाकीतही मिळालं आणि उपायही. मोठ्या नियतकालिकात छापून आलं, सगळ्यांना वाटलं आता किमो द्यायची की नाही हे स्लाइडवर ठरणार. पण २०१३ मधे त्याच गटातल्या लोकांनी परत तपासलं तर निकाल जुळेना. जी अँटीबॉडी वापरली होती तिचा नंतरचा माल आधीच्या मालासारखा वागत नव्हता, बरणीवरचं लेबल तेच आणि आतला मसाला बदललेला. शिवाय या प्रोटीनचे चार प्रकार असतात, कामाचा त्यातला एकच, आणि बाजारातल्या १६ अँटीबॉडी तपासल्या तर एकीलाही तो वेगळा ओळखता येत नव्हता. ज्यांनी शोध लावला त्यांनीच पुढं येऊन हे सांगितलं, त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. मी रोज अँटीबॉडीच्या बाटल्या हाताळते, नवीन लॉट आला की जुन्याशी ताडून बघितल्याशिवाय एकही पेशंटची स्लाइड रंगवायची नाही हा नियम आम्हाला कधीकधी जाच वाटतो, पण हे वाचल्यापासून मला तो जाच वाटत नाही.

फुफ्फुसाच्या कॅन्सरमधे अमुक प्रोटीन जास्त म्हणजे आयुष्य कमी असे अभ्यास ढिगानं येतात, पण त्यातले फार थोडे दवाखान्यापर्यंत पोचतात. कुणी ८० पेशंट बघितलेले असतात, कुणी कट-ऑफ स्वतःला सोयीचा पडेल तिथं धरलेला असतो, कुठं ते प्रोटीन मोठ्या गाठीतच जास्त असतं आणि दोष गाठीच्या आकाराचा असतो, प्रोटीनचा नाही. केआय-६७ घ्या, किती पेशी वाढीच्या चक्रात आहेत ते सांगणारा मार्कर, जर्मनीतल्या कील शहरावरून त्याचं नाव पडलंय. स्मॉल सेलमधे हा खूप वर असतो, कार्सिनॉइड नावाच्या सौम्य जातीत खूप खाली, तिथं तो निदानाला मदत करतो. पण नेहमीच्या अ‍ॅडिनो किंवा स्क्वॅमसमधे, बऱ्याच अभ्यासांचा मिळून कल दिसतो की जास्त असेल तर पुढं जरा अवघड, पण किती म्हणजे जास्त यावर एकमत नाही, त्यामुळे त्यावरून उपचार ठरत नाहीत. रिपोर्टमधे ६० टक्के दिसलं तर घाबरून जायचं कारण नाही.

रक्तातल्या मार्करबद्दल थोडक्यात, कारण हल्ली पॅकेजमधे घुसवतात. सीईए, सायफ्रा २१-१, एनएसई, ही नावं दिसतील. सीईए १९६५ मधे कॅनडात आतड्याच्या कॅन्सरमधे सापडलं, आणि ते नुसत्या बिडी-सिगरेटनंही वाढतं, लिव्हरच्या आजारानं वाढतं. एनएसई तर रक्त काढल्यावर नळीत लाल पेशी फुटल्या तरी खोटं वाढलेलं दिसतं, कारण तांबड्या पेशीतही ते एन्झाइम असतं. उपचार चालू असताना एकाच लॅबमधे एकाच पद्धतीनं केलेले आकडे उतरतायत की चढतायत हे बघायला त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण ठणठणीत माणसानं कॅन्सर आहे का बघायला म्हणून हे करू नये, नॉर्मल आलं म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही आणि वाढलं म्हणून आहे असंही होत नाही, मधल्या मधे महिनाभराची झोप जाते. ज्यांनी बरीच वर्षं खूप सिगरेट ओढलीय त्यांच्यासाठी कमी डोसचा सीटी स्कॅन ही तपासणी अमेरिकेतल्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात कामाची ठरली, फुफ्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. आपल्याकडं जुन्या टीबीचे व्रण खूप जणांच्या छातीत असतात, त्यामुळे इथं तो स्कॅन वाचणं जास्त किचकट, पण त्याबद्दल छातीच्या डॉक्टरांशी बोलावं.

किती दिवस, या प्रश्नाकडं येते. अभ्यासात जो महिन्यांचा आकडा असतो तो मीडियन असतो. समजा ११ पेशंट ओळीनं उभे केले, सगळ्यात कमी जगलेला एका टोकाला आणि सगळ्यात जास्त जगलेला दुसऱ्या टोकाला, तर मधला सहावा माणूस म्हणजे मीडियन. तो १२ महिने जगला तर मीडियन १२ महिने, पण पाच जण त्याच्यापेक्षा जास्त जगले आणि त्यातला शेवटचा कदाचित सात-आठ वर्षं. त्याचा आकडा मीडियनमधे दिसतच नाही. काडी तपासणीत घड दिसले म्हणून गारपीट होणार नाही असं कुणी लिहून देत नाही, आणि दिसले नाहीत म्हणून बाग उपटूनही टाकत नाही कुणी.

शिवाय प्रोटीनपेक्षा जड अशा साध्या गोष्टी आहेत. सगळ्यात जड स्टेज. १९९९ ते २०१० मधल्या पेशंटवरून जगभरातून जमवलेल्या आकड्यांत, १ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत पाच वर्षं जगणारे ९२ टक्के, आणि चौथ्या स्टेजच्या पहिल्याच पायरीवर १० टक्के. आताची बरीच औषधं तेव्हा नव्हती, तरी फरकाचा आवाका कळतो. कुठलंही प्रोटीन एवढा फरक पाडत नाही. म्हणून छातीच्या फोटोत डाग दिसला, टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, ते आपल्याकडं साहजिकच आहे, पण थुंकीत जंतू सापडले नसतील आणि दोन महिन्यांत डाग हलला नसेल, वजन उतरतच असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर बायोप्सीचं विचारा. तात्यांचे असेच चार महिने गेले. त्यांनी तीस वर्षं बिडी ओढलीय, खोकला म्हणजे बिडीचाच असं घरात सगळ्यांनी धरलं होतं, मी सुद्धा. रोज कॅन्सरच्या स्लाइड बघणारी मी, दिवाळीत त्यांच्या शेजारी बसून त्यांचा खोकला ऐकला आणि काढा घ्या म्हणाले. हे मला फार लागून राहिलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस किती चालता फिरता आहे, वजन किती उतरलंय, बिडी सुटली का. निदान झाल्यावर सोडली तरी फायदा होतो, आता काय उपयोग म्हणून ओढू देऊ नका. आणि पॅलिएटिव्ह केअर, ज्याला लोक शेवटचं समजून घाबरतात. २०१० मधे बॉस्टनच्या एका हॉस्पिटलमधून अभ्यास आला, पुढच्या स्टेजचे १५१ पेशंट, निम्म्यांना पहिल्यापासून दुखणं, दम, झोप, मन यांची काळजी घेणारी टीम जोडून दिली. ते लोक जास्त बऱ्या अवस्थेत राहिले, आणि मीडियन ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने जगले, तेही शेवटी जोराचे उपचार कमी घेऊन. यात कुठलं प्रोटीन नाही. दुखणं कमी करायचं औषध मागायला लाजू नका.

डॉक्टरांसमोर बसल्यावर मार्करबद्दल विचारायचंच असेल तर मी भावाला दोन प्रश्न लिहून दिले होते. या मार्करमुळे आमचं औषध बदलणार आहे का? आणि अजून कुठली तपासणी यायची आहे, ती आल्याशिवाय सुरू करायचं की थांबायचं? बदलणार नसेल तर त्या आकड्याचा घोर करायचा नाही. खर्चाचं त्याच दिवशी बोला, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा, औषध कंपनीच्या मदत योजना असतात त्याबद्दल हॉस्पिटलच्या सोशल वर्करना विचारा.

आणि ब्लॉक जपा. मुंबईला दाखवायला जायचं ठरलं की लोक पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसनं जातात, फाइल, स्कॅन, डबा सगळं घेतात आणि ब्लॉक लॅबमधेच राहतो. तिथं गेल्यावर तो मागतात, मग एक माणूस परत. लॅबमधे अर्ज दिला, सही केली की ब्लॉक मिळतो. आगपेटीहून लहान प्लॅस्टिकची जाळी, त्यावर नंबर आणि मागे मेण. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. खिशात ठेवून बसू नका. आणि काम झालं की परत आणा, कारण वर्षा-दोन वर्षांनी नवीन तपासणी निघाली तर त्याच शेवयाएवढ्या तुकड्यावर ती होते.

तात्यांच्या इजीएफआर, एएलके आणि आरओएस१ या आणखी एका जीनमधे काही सापडलं नाही. अठरा दिवसांनी रिपोर्ट आला आणि मग इम्युनोथेरपी सुरू झाली. मागच्या रविवारी मी गेले होते तर ओट्यावर बसले होते, दम आहे पण भाकरी खातात. मला म्हणाले, पोरी, ते ८० टक्के का काय, त्यानं छाटणी बघंन का मी? मी म्हटलं, तात्या, त्या आकड्यावरून ते नाही सांगता येत, औषध लागू पडतंय का ते स्कॅनमधे कळेल. त्यांनी मान हलवली. मग भावाला हाक मारून म्हणाले, काड्या तपासायला दे, थॉम्सनच्या खालच्या ओळीतल्या घे, वरच्या नको. स्कॅन २५ तारखेला आहे, छाटणी २ ऑक्टोबरला धरलीय.